दुखेल किती, हे आदल्या दिवशीच विचारा

उद्या शस्त्रक्रिया आहे म्हटले की आदल्या संध्याकाळी रुग्ण भूलतज्ज्ञाला एक प्रश्न हमखास विचारतो. "डॉक्टर, दुखेल का हो?" आणि आम्ही भूलतज्ज्ञ त्याला वर्षानुवर्षे एकच ठरावीक उत्तर देत आलो आहोत. "छे हो, छोटंसं ऑपरेशन आहे. तुम्हाला कळणारसुद्धा नाही." भूल उतरेपर्यंत हे उत्तर अगदी खरे असते. त्यानंतरची रात्र रुग्णाला आणि रात्रपाळीच्या सिस्टरला काढावी लागते. आम्ही तोवर घरी जाऊन जेवलेले असतो.

कोणाला शस्त्रक्रियेनंतर फार दुखेल याचा अंदाज आधी बांधता येतो का? बराचसा बांधता येतो. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, रक्ताची तपासणी लागत नाही. रुग्णापाशी पाच मिनिटे बसून काही साधे प्रश्न विचारावे लागतात. ते विचारले जात नाहीत, ही माझी आजची तक्रार आहे. आणि ती सर्वांत आधी माझ्या स्वतःविरुद्ध आहे.

वागळे इस्टेटच्या आसपासच्या लहान नर्सिंग होममध्ये मी बरीच वर्षे भूल देण्याचे काम करतो. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याची पहिली औद्योगिक वसाहत इथे उभी राहिली. आता अनेक कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या आहेत, पण आतल्या रस्त्यांवरच्या गाळ्यांत लेथ, प्रेस आणि ड्रिलिंगची यंत्रे अजून चालतात. त्यामुळे हाताच्या इजा हा आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

काही वर्षांपूर्वी एकाच दिवशी माझ्याकडे दोन रुग्ण होते. पहिले गृहस्थ साठी ओलांडलेले, निवृत्त. पित्ताशयाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून जमणार नव्हती, म्हणून पोट उघडून करायची होती. दुसरा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा तरुण. रोड नंबर २२ च्या बाजूला एका गाळ्यात प्रेसवर कामाला, राहायला किसननगरला. तीन आठवड्यांपूर्वी उजव्या हाताचे मधले बोट प्रेसमध्ये चेंगरले होते. जखम नीट भरत नव्हती, म्हणून बोटाचे टोक काढून पुन्हा टाके घालायचे होते.

मी दोघांचेही रक्तदाब, छाती, रक्ताचे रिपोर्ट पाहिले. दोघांच्याही कागदावर "भूल देण्यास योग्य" असे लिहून सही केली. पित्ताशयवाल्या काकांचे दुखेल म्हणून सगळी तयारी केली. पोटाच्या जखमेत बधिर करणारे औषध, ठरावीक तासांनी इंजेक्शने, रात्री सिस्टरने काय करायचे याच्या लेखी सूचना. तरुणाच्या बाबतीत नुसता हात बधिर केला. शस्त्रक्रिया अर्ध्या तासात झाली. कागदावर लिहिले, "दुखल्यास एक इंजेक्शन". बोटाचेच तर ऑपरेशन, आणखी काय लिहायचे?

सकाळी गेलो तर काका उशीला टेकून चहा पीत होते. तरुण मात्र खाटेवर नव्हता. तो जिन्याच्या पायरीवर हात डोक्याच्या वर धरून बसला होता. रात्री अकराच्या सुमारास हाताचा बधिरपणा उतरला आणि ठणका सुरू झाला. एक इंजेक्शन मिळाले, त्याने तासभर बरे वाटले. पुढे सिस्टरने मला फोन करायचे धाडस केले नाही. बोटाच्या ऑपरेशनसाठी मोठ्या डॉक्टरांना रात्री कसे उठवायचे, असा तिचा विचार. तो पहाटेपर्यंत जिन्यात बसून होता.

त्याची आई शेजारी उभी होती. ती रागावली नव्हती. म्हणाली, "डॉक्टर, बोट चेंगरल्यापासून तो झोपलाच नाही हो. मेडिकलमधून गोळ्या आणून खातोय. कंत्राटी नोकरी आहे, सेठ ठेवतोय की नाही याची त्याला काळजी. तुम्ही काही विचारलंच नाही, म्हणून आम्ही सांगितलं नाही."

शस्त्रक्रियेआधी तीन आठवडे चाललेले दुखणे, गेलेली झोप, आधीपासून चालू असलेल्या वेदनाशामक गोळ्या, मनात भीती आणि तरुण वय. जास्त दुखणार हे सांगणाऱ्या जवळजवळ सगळ्या खुणा त्या एका माणसात होत्या. त्या कोणाही भूलतज्ज्ञाला ठाऊक असतात. मी फक्त विचारले नव्हते.

जखमेच्या आकारावर जाऊ नका

आपल्या मनात एक हिशेब पक्का बसलेला असतो. मोठी शस्त्रक्रिया म्हणजे जास्त दुखणे, लहान म्हणजे कमी. हा हिशेब डॉक्टरांच्याही मनात असतो. जर्मनीतील १०५ रुग्णालयांतल्या ५० हजारांहून अधिक रुग्णांना शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी "किती दुखते?" असे विचारून १७९ प्रकारच्या शस्त्रक्रियांची तुलना करण्यात आली. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. हाडांच्या शस्त्रक्रिया वरच्या क्रमांकावर होत्या, यात नवल नाही. पण अपेंडिक्स, मूळव्याध, टॉन्सिल्स, पित्ताशयाचे ऑपरेशन अशा, ज्यांना आपण "किरकोळ" म्हणतो त्यासुद्धा सर्वाधिक दुखणाऱ्या पंचविसांत होत्या. उलट पोटाच्या काही मोठ्या शस्त्रक्रिया बऱ्याच खाली होत्या.

याचे कारण समजायला कठीण नाही. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दुखणार हे सगळे धरून चालतात, म्हणून बंदोबस्तही चांगला होतो. लहान शस्त्रक्रियेच्या रुग्णाला एक गोळी देऊन घरी पाठवतात. मूळव्याधीचे ऑपरेशन झालेल्या माणसाला पहिल्यांदा शौचाला जाताना काय होते, ते त्यालाच विचारावे.

मग कोणाला जास्त दुखते?

या प्रश्नावर जगात पुष्कळ अभ्यास झाला आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील डॉक्टरांनी १४१६ रुग्णांची शस्त्रक्रियेआधी माहिती घेऊन अंदाज बांधण्याची एक पद्धत २००३ साली मांडली. २०१९ मध्ये कॅनडातील अभ्यासकांनी ३३ अभ्यास एकत्र करून, ५३ हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवरून, दुखणे नीट आटोक्यात न येण्याच्या खुणा काढल्या. त्या अशा: आधीपासूनचे दुखणे, आधीपासून चालू असलेल्या वेदनाशामक गोळ्या, झोप न लागणे, मनातली भीती, उदासीनता, तरुण वय, स्त्री असणे, धूम्रपान आणि वजन जास्त असणे. स्वीडनमध्ये तर असेही दिसले, की सलाईनची सुई टोचताना ज्यांना जास्त दुखले, त्यांना पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरही जास्त दुखण्याचा संभव अधिक.

यातल्या दोन गोष्टींवर वाचकांचा विश्वास बसत नाही. पहिली, तरुणाला जास्त दुखते ही. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाची काळजी घेतात आणि धडधाकट पोराला "मर्द आहेस ना?" म्हणून गप्प बसवतात. दुसरी, बाईला जास्त दुखते ही. आपल्या घरांत बाईने हू की चू न करता सोसावे अशी शिकवण असते. ती तोंडाने बोलली तर सासू म्हणते, "आम्ही नाही का बाळंत झालो?" आणि बोलली नाही तर डॉक्टर समजतात दुखत नाही. सिझेरियननंतर पोटाला टाके असताना तिने तान्ह्याला घेऊन बसायचे असते, पाजायचे असते, रात्री तीनदा उठायचे असते. तिचे दुखणे तिच्या चेहऱ्यावरून ओळखू नये. तिला शब्दांत विचारावे.

भीतीबद्दलही गैरसमज आहे. "मनाचे खेळ" म्हटले की दुखणे खोटे आहे असा अर्थ लोक घेतात. तसे नाही. जखमेतून निघालेला निरोप मज्जारज्जूतून मेंदूत जातो. मेंदू तो निरोप वाढवू शकतो, तसा दाबूही शकतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलेल्या सिद्धान्तामुळे हे समजायला मदत झाली. तीन आठवडे ठणकणाऱ्या बोटाच्या नसा आधीच चिडलेल्या असतात. त्यावर नवीन सुरी चालली की त्या जास्त जोराने ओरडतात. त्यात झोप नाही आणि नोकरीची धास्ती. हे दुखणे शंभर टक्के खरे असते.

हेन्री बीचर नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धात जबर जखमी झालेल्या सैनिकांना वेदनाशामक हवे का, असे विचारले होते. सुमारे तीन चतुर्थांश जणांनी नको म्हटले. हे त्याने १९४६ साली लिहून ठेवले. त्याच्या मते, जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका, असा त्या सैनिकांच्या लेखी अर्थ होता. आमच्या प्रेसवरच्या कामगाराच्या लेखी जखमेचा अर्थ नेमका उलटा असतो. विम्याचे कार्ड नाही, कंत्राट महिन्याचे, खाडा म्हणजे पगार बंद. बोट गेले तर मशीन गेले. त्या बोटात फक्त बोटाचे दुखणे नसते.

"विचारले की जास्तच सांगतात"

माझे काही सहकारी म्हणतात, दुखण्याबद्दल आधी बोलू नये, रुग्ण उगाच घाबरतो. या आक्षेपाचे उत्तर १९६४ सालीच मिळालेले आहे. अमेरिकेत पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांपैकी काहींना भूलतज्ज्ञाने आदल्या दिवशी भेटून सांगितले की दुखेल, कुठे दुखेल, किती दिवस दुखेल, कुशीवर कसे वळायचे, श्वास कसा घ्यायचा आणि फार दुखले तर औषध मागायचे. बाकीच्यांना हे सांगितले नाही. ज्यांना सांगितले होते त्यांना वेदनाशामक औषध जवळजवळ निम्मेच लागले आणि ते घरीही लवकर गेले. माणूस अंधाराला घाबरतो. पुढे काय आहे ते कळले की धीर येतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अंदाज चुकतात. हे मला मान्य आहे. सगळ्या खुणा असलेला माणूस सकाळी हसत बसलेला दिसतो आणि एकही खूण नसलेला रात्रभर कण्हतो. हा हवामान खात्याच्या अंदाजासारखा प्रकार आहे. पण पाऊस येईल असे म्हटले आणि नाही आला, तर छत्री बाळगल्याचे कोणी वाईट वाटून घेत नाही. शिवाय अंदाज बांधला म्हणजे नंतर विचारायची गरज संपली, असेही नाही. दुखते किती, हे दर काही तासांनी पुन्हा विचारावेच लागते, सगळ्यांना.

अंदाजाचा एक धोका मात्र मला खरोखर वाटतो. "हा जास्त दुखणारा पेशंट आहे" असा शिक्का एकदा बसला, की त्याच्या ओरडण्याकडे दुर्लक्ष होऊ लागते. हे फार घातक आहे. प्लास्टर घातलेल्या हातापायात दुखणे वाढतच चालले, बोटे हलवताना कळ येते, मुंग्या येतात, बोटे थंड किंवा निळसर पडतात, तर प्लास्टर आवळले असण्याची किंवा आतला दाब वाढल्याची शक्यता असते. अशा वेळी काही तासांचा उशीरही हात किंवा पाय गमावायला पुरतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर कमी होत आलेले दुखणे एकाएकी वाढले, ताप आला, पोट फुगले, तर आत काही बिघडले असू शकते. तेव्हा आधी डॉक्टरला बोलवा. "तो तसाच आहे" हे वाक्य रुग्णालयात बंद झाले पाहिजे.

सोसल्याने काय बिघडते?

"दोन दिवस सोसायचं, त्यात काय?" असे पुष्कळजण म्हणतात. पोटाला टाके असलेला माणूस दुखते म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग छातीत कफ साठतो. उठून चालत नाही, मग पायात रक्ताची गाठ होण्याची भीती. झोप नाही, रक्तदाब वाढतो, मधुमेह्याची साखर वाढते. आणि सर्वांत वाईट म्हणजे काहींचे दुखणे जखम भरल्यावरही जात नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका नावाजलेल्या आढाव्यात असे म्हटले होते, की काही नेहमीच्या शस्त्रक्रियांनंतर १० ते ५० टक्के रुग्णांचे दुखणे रेंगाळते, आणि अशांपैकी २ ते १० टक्क्यांचे ते तीव्र असते. सुरुवातीचे दिवस फार दुखण्यात गेले असतील तर हा धोका वाढतो.

करायचे काय?

रुग्णांना आणि नातेवाइकांना माझे सांगणे आहे, की डॉक्टर विचारोत न विचारोत, भूलतज्ज्ञाला या पाच गोष्टी आपणहून सांगा.

१. आधीपासून कुठे दुखते आहे का, आणि किती दिवसांपासून? ज्या जागी शस्त्रक्रिया आहे तिथले आणि इतर ठिकाणचेही, म्हणजे कंबर, गुडघे, डोके.

२. कोणत्या गोळ्या चालू आहेत? मेडिकलमधून स्वतः आणलेल्या, झोपेच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्याही सांगा. दारू, तंबाखू, बिडी लपवू नका.

३. आधी कधी शस्त्रक्रिया झाली होती का? तेव्हा किती दुखले, आणि कोणत्या औषधाने उलट्या किंवा त्रास झाला?

४. झोप लागते का? मन उदास असते का?

५. कशाची भीती वाटते? नोकरीची, खर्चाची, की सुईची, काहीही असो.

मूत्रपिंडाचा विकार, पोटात अल्सर, दमा किंवा घोरण्याची सवय असल्यास तेही सांगा. वेदनाशामकांपैकी काही औषधे अशांना चालत नाहीत, काही बेताने द्यावी लागतात. याच कारणासाठी घरी गेल्यावर शेजाऱ्याने सांगितलेली गोळी आपल्या मनाने घेऊ नका.

ज्याला जास्त दुखण्याचा संभव आहे त्याच्यासाठी करता येण्याजोगे पुष्कळ आहे. दुखायला लागल्यावर औषध देण्याऐवजी घड्याळाप्रमाणे द्यावे. पॅरासिटामॉलसारखे साधे औषधही वेळेवर दिले तर मोठ्या औषधाची गरज कमी होते. जखमेत किंवा नसेजवळ बधिर करणारे औषध देता येते. मात्र हात किंवा पाय बधिर केला असेल, तर तो बधिरपणा उतरायच्या आधीच गोळी पोटात गेली पाहिजे. माझ्या हातून नेमके हेच राहून गेले होते. रात्री एवढ्यानेही भागले नाही तर पुढे काय द्यायचे आणि कोणाला फोन करायचा, हे कागदावर लिहिलेले असावे. मॉर्फिनच्या जातीचे औषध दिलेला रुग्ण फार गुंगीत वाटला, श्वास मंद झाला, तर लगेच सिस्टरला हाक मारा.

मॉर्फिनबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीमुळे अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही वाट बरीच सोपी झाली. तरीही लहान रुग्णालयांतली धास्ती गेलेली नाही. व्यसनाची भीती वाजवी आहे, आणि बेबंद वापराने अमेरिकेत काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. पण शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली दिलेले औषध आणि घरी महिनोन् महिने खाल्लेल्या गोळ्या यांत फरक आहे. तो फरक न करता सगळ्यांनाच सोसायला लावणे हा न्याय नव्हे.

माझ्या तपासणीच्या कागदावर आता रक्तदाबाखाली एक ओळ जास्त असते: "दुखणे, झोप, गोळ्या, भीती". ती भरल्याशिवाय मी सही करत नाही. रुग्णामागे पाच मिनिटे जास्त जातात. सर्व नर्सिंग होमनी ही ओळ आपल्या छापील कागदावर घ्यावी, असे माझे म्हणणे आहे. छपाईचा खर्च वाढणार नाही.

त्या तरुणाचे बोट भरले, पण तो प्रेसवर परत जाऊ शकला नाही. गार पाणी लागले तरी बोटातून कळ जाते. ते त्या एका रात्रीमुळेच झाले, असे मी म्हणणार नाही. चेंगरलेल्या नसेचा त्यात वाटा होताच. पण ती रात्र टाळता आली असती, एवढे मला पक्के माहीत आहे. आता तो एका काचेच्या इमारतीच्या फाटकावर उभा असतो. जाता-येता दिसतो. डाव्या हाताने नमस्कार करतो.